स्पिनच्या सिम्युलेशनमधला विशिष्ट उष्मा: फाइलमधल्या आकड्यापासून ज्यूल प्रति मोलपर्यंत

एका विद्यार्थिनीने मला लोखंडाच्या चुंबकीय सिम्युलेशनमधून काढलेला, तापमानाबरोबर बदलणाऱ्या विशिष्ट उष्म्याचा आलेख दाखवला. आलेख देखणा होता. डावीकडून हळूहळू चढत जाणारी रेषा, १०५० केल्विनच्या आसपास टोकदार शिखर आणि पलीकडे उतार. उभ्या अक्षावर तिने लिहिलं होतं 'ज्यूल प्रति किलो प्रति केल्विन', आणि आकडे होते १०^-१९ च्या घरात. (या लेखात १०^-१९ म्हणजे दहाचा उणे एकोणिसावा घात.) "सर, शिखर बरोबर जागी आलंय ना?" तिने विचारलं.

शिखर बरोबर जागी होतं. पण मी बोट ठेवलं ते डाव्या टोकाला. १० केल्विनपाशी रेषा २.२१ × १०^-१९ वर टेकली होती. या आकड्याला बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने, म्हणजे १.३८०६४९ × १०^-२३ ने भागलं की १६,००० येतात. तिच्या नमुन्यात २० × २० × २० युनिट सेल होते आणि लोखंडाच्या बीसीसी रचनेत (घनाच्या कोपऱ्यांत आणि मध्यभागी अणू) सेलमागे दोन अणू, म्हणजे एकूण अणूही १६,०००. फाइलमधला स्तंभ अख्ख्या नमुन्याची उष्माधारकता ज्यूल प्रति केल्विनमध्ये देत होता, हे तेवढ्यावरून कळलं. किलोचा त्यात कुठे संबंधच नव्हता.

एकक ठरवताना आधी बघायचं ते थंड टोक, म्हणजे आलेखाचं सर्वात कमी तापमानाचं टोक, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मॅन्युअल वाचावंच, सोर्स कोडही उघडून बघावा. पण आवृत्त्या बदलतात, आपण मध्ये आपली स्क्रिप्ट घुसवतो, कुणीतरी एका ओळीत स्पिनच्या संख्येने भागून ठेवलेलं असतं. थंड टोक मात्र या कशावरही अवलंबून नाही.

थंड टोकाला एक केबी का येतो

बोल्ट्झमनच्या स्थिरांकाला इथून पुढे केबी म्हणतो. अणुपातळीच्या चुंबकीय सिम्युलेशनमध्ये प्रत्येक अणूवर ठरावीक लांबीचा एक बाण असतो, तो स्पिन. तापमान अगदी कमी असलं की सगळे बाण आपापल्या ठरलेल्या दिशेला असतात आणि जागच्या जागी थोडेसे थरथरतात. लांबी बदलत नसल्यामुळे बाणाला डुलायला दोनच दिशा उरतात, दोन्ही त्याच्या रोखाला काटकोनात. थरथर लहान असेल तर ऊर्जा त्या डुलण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अशा प्रत्येक दिशेमागे अभिजात (क्लासिकल) भौतिकी अर्धा केबी देते. दोन दिशांचा मिळून एक केबी, दर स्पिनला.

एक्स्चेंज (शेजारच्या दोन स्पिनना जोडणारी ऊर्जा) किती, शेजारी किती, अ‍ॅनिसोट्रॉपी (स्पिनची ठरावीक दिशेकडे ओढ) आहे की नाही, लोह आहे की गॅडोलिनियम, कशानेही हा आकडा हलत नाही. फेरिमॅग्नेट (ज्यात काही स्पिन उलट दिशेला असतात) असला तरी दर चुंबकीय अणूमागे एकच केबी. म्हणूनच तो मोजपट्टी म्हणून चालतो.

अट एवढीच की मॉडेल अभिजात हायझेनबर्ग, म्हणजे स्पिन कुठल्याही दिशेला वळू शकणारं, असावं आणि थंड अवस्था सुव्यवस्थित असावी. स्पिन एकाच प्रतलात फिरत असेल तर अर्धा केबी येईल. आयसिंग मॉडेलमध्ये उष्मा शून्याकडे जाईल, कारण तिथे स्पिन फक्त वर किंवा खाली असतो, थरथरायलाच जागा नाही. काही मॉडेलांत स्पिनची लांबीही बदलू देतात. तिथे तिसरी दिशा मिळते आणि आकडा दीड केबीच्या जवळ येतो. आपलं मॉडेल यातलं कुठलं, हे आधी स्वतःला विचारा.

मग ५ किंवा १० केल्विनला एक छोटा रन मारा आणि काय आकडा येतो ते बघा:

- १ आला, तर एकक केबी प्रति स्पिन.
- १.३८ × १०^-२३ आला, तर ज्यूल प्रति केल्विन, एका स्पिनचा.
- ०.०८६२ आला, तर मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति केल्विन, एका स्पिनचा.
- ०.००६३३ आला, तर मिली-रिडबर्ग प्रति केल्विन, एका स्पिनचा.
- ८.३१ आला, तर ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. १.९९ आला, तर तेच कॅलरीत.
- यांपैकी एखाद्या आकड्याच्या बरोबर स्पिनच्या संख्येइतक्या पट आला, तर तो अख्ख्या नमुन्याचा. तेवढ्याच पटीने कमी आला, तर कुठेतरी एकदा जास्त भागलं गेलंय.

या एककांचं मूळ इनपुटमध्ये असतं. यॉर्क विद्यापीठातून आलेलं व्हँपायर हे सॉफ्टवेअर एक्स्चेंज ज्यूलमध्ये, दर जोडीमागे घेतं. जर्मनीतल्या युलिखमध्ये सुरू झालेलं स्पिरिट मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये काम करतं. उप्साला विद्यापीठाचं उप्प-एएसडी मिली-रिडबर्ग मागतं. एका मिली-रिडबर्गमध्ये १३.६०५७ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात आणि एक मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे ११.६०४५ केल्विन. एवढे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की तिन्ही प्रोग्रॅममध्ये ये-जा करता येते.

ऊर्जेच्या नोंदींवरून स्वतः काढायचं असेल तर

तयार स्तंभावर विसंबण्यापेक्षा मी ऊर्जेची कच्ची नोंद घेऊन उष्मा स्वतः काढतो. ऊर्जेचा सरासरीभोवतीचा चढउतार मोजायचा, म्हणजे व्हेरिअन्स, आणि त्यातून उष्मा मिळवायचा. एकूण ऊर्जेला ऊ म्हणू, तापमानाला ता आणि स्पिनच्या संख्येला न.

अख्ख्या नमुन्याची उष्माधारकता = व्हेरिअन्स(ऊ) ÷ (केबी × ता^२)

हिला न ने भागलं की दर स्पिनचा उष्मा मिळतो. तो केबीच्या एककात हवा असेल तर आणखी एकदा केबीने भागा:

उष्मा, केबी प्रति स्पिन = व्हेरिअन्स(ऊ) ÷ (न × (केबी × ता)^२)

इथवर अडचण नाही. घोटाळा होतो तो फाइलमध्ये एकूण ऊर्जेऐवजी दर स्पिनची ऊर्जा लिहिलेली असते तेव्हा, आणि बहुतेक वेळा ती तशीच लिहिलेली असते. दर स्पिनच्या ऊर्जेचा व्हेरिअन्स एकूण ऊर्जेच्या व्हेरिअन्सपेक्षा न^२ पटीने लहान असतो, न पटीने नव्हे, कारण व्हेरिअन्समध्ये भागाकाराचाही वर्ग होतो. म्हणून अशा फाइलवरून उष्मा काढताना न ने गुणावं लागतं:

उष्मा, केबी प्रति स्पिन = न × व्हेरिअन्स(दर स्पिनची ऊर्जा) ÷ (केबी × ता)^२

'ऊर्जा तर आधीच दर स्पिनची आहे, मग उष्माही दर स्पिनचाच येणार' असं मनाला वाटतं. ते चूक आहे, आणि ही चूक मी सर्वात जास्त वेळा पाहिली आहे.

आकडे घालून बघू. लोखंड, १६,००० स्पिन, १० केल्विन. केबी × ता म्हणजे १.३८०६ × १०^-२२ ज्यूल आणि त्याचा वर्ग १.९०६२ × १०^-४४. दर स्पिनच्या ऊर्जेचा व्हेरिअन्स १.१९४ × १०^-४८ ज्यूल वर्ग असेल, तर भागाकार ६.२६ × १०^-५ येतो. त्याला १६,००० ने गुणलं की १.००२. थंड टोकाचा आपला एक केबी जागेवर आहे.

गुणायचं राहिलं असतं तर? ०.००००६ केबी, म्हणजे मोलमागे अर्धा मिलिज्यूल. धोका असा की कमी तापमानाला उष्मा नगण्य असणं पुस्तकाच्या ज्ञानाशी जुळतं. खऱ्या पदार्थात शून्य केल्विनकडे जाताना उष्मा खरोखरच मावळतो, त्यामुळे आकडा चुकूनही माणूस निर्धास्त राहतो. अभिजात स्पिनच्या मॉडेलमध्ये मात्र तो मावळत नाही, मावळताच कामा नये. मावळलेला दिसला तर भागाकार-गुणाकार तपासा.

थंड टोकाला चक्क ४ आला तर? याचं कारण बहुधा ऊर्जेच्या स्तंभात प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेल्याचं असतं, एकदा पहिल्या अणूकडून आणि एकदा दुसऱ्याकडून. ऊर्जा दुप्पट झाली की व्हेरिअन्स चौपट होतो. खात्री करायला सरासरी ऊर्जेचा तापमानाबरोबरचा चढ काढा. दोन जवळच्या तापमानांच्या दर स्पिनच्या सरासरी ऊर्जा घ्या, वजाबाकी करा आणि तापमानातल्या फरकाने भागा. हा चढ म्हणजेही उष्माच. चढउताराने ४ आणि चढाने २ आला, तर ऊर्जा दुप्पट मोजली जातेय हे नक्की. दोन्हींनी १ आला, तर पुढे चला. चढाच्या पद्धतीत न चा घोळच नसतो, त्यामुळे मागच्या चुकीचीही ती उत्तम फेरतपासणी आहे.

दशांश स्थळं कुठे गळतात

काही जण ऊर्जेची सरासरी आणि ऊर्जेच्या वर्गाची सरासरी असे दोन स्तंभ फाइलमध्ये लिहून ठेवतात आणि नंतर वजाबाकी करतात. हे करू नका.

लोखंडात जोडीमागचं एक्स्चेंज ७.०५ × १०^-२१ ज्यूल धरतात आणि प्रत्येक अणूला आठ शेजारी. त्यामुळे थंड अवस्थेत दर स्पिनची ऊर्जा उणे २.८२ × १०^-२० ज्यूल. १० केल्विनला १६,००० स्पिनच्या नमुन्यात तिचा व्हेरिअन्स तिच्याच वर्गाच्या दीड अब्जांश एवढाच असतो. म्हणजे दोन स्तंभांतले पहिले आठ अंक सारखेच, आणि सगळी माहिती नवव्या अंकापासून पुढे. फाइलमध्ये सहाच अंक छापले असतील तर वजाबाकीत हाती काहीच येत नाही. कधी शून्य, कधी चक्क ऋण उष्मा. ऋण उष्मा दिसला की भौतिकीत कारण शोधू नका, छापण्याच्या फॉरमॅटमध्ये शोधा.

सिंगल प्रिसिजनमध्ये (आकडा ३२ बिटांत ठेवला तर) आणखी वाईट. ज्यूलमधली ही ऊर्जा वर्ग केली की ८ × १०^-४० येते आणि सिंगल प्रिसिजनची पूर्ण अचूकता १.१८ × १०^-३८ च्या खाली राहतच नाही.

उपाय सोपा आहे. ऊर्जा ज्यूलमध्ये न ठेवता केबीने भागून केल्विनमध्ये ठेवा, आणि व्हेरिअन्स काढण्याआधी प्रत्येक नोंदीतून थंड अवस्थेची ऊर्जा वजा करा. स्थिर आकडा वजा केल्याने व्हेरिअन्स बदलत नाही. डबल प्रिसिजन वापरा आणि ऊर्जा किमान दहा-बारा अंकांनी छापा.

नोंदी किती घ्यायच्या, तेही सांगतो. व्हेरिअन्समधली सापेक्ष त्रुटी साधारण २ ÷ (स्वतंत्र नोंदींची संख्या) याच्या वर्गमुळाइतकी असते. एक टक्क्यापर्यंत यायचं तर २०,००० नोंदी, आणि त्याही एकमेकींपासून स्वतंत्र. क्युरी तापमानाजवळ (जिथे चुंबकीय शिस्त मोडते आणि आलेखात शिखर येतं) लागोपाठच्या नोंदी एकमेकींची नक्कल करतात, तेव्हा तिथे रन कितीतरी लांब ठेवावा लागतो. थंड टोकाला मात्र ०.९९ ते १.०१ मिळालं तरी काम झालं.

केबीपासून मोल, किलो आणि घनमीटर

आता रूपांतर. एकदा उष्मा केबी प्रति स्पिनमध्ये आणला की उरलेलं शाळेतल्या गणितासारखं आहे. म्हणूनच सल्ला असा की कुठूनही निघा, आधी या एककात या आणि मगच पुढे जा. ज्यूलमधून थेट किलोत उडी मारायला गेलं की दोन पायऱ्यांच्या चुका एकमेकींत मिसळतात.

२०१९ पासून बोल्ट्झमन आणि अवोगाड्रो या दोन्ही स्थिरांकांची मूल्यं व्याख्येनेच ठरलेली आहेत: १.३८०६४९ × १०^-२३ ज्यूल प्रति केल्विन आणि ६.०२२१४०७६ × १०^२३ प्रति मोल. त्यांचा गुणाकार ८.३१४४६, म्हणजे वायुस्थिरांक. म्हणून:

मोलसाठी ८.३१४४६ ने गुणा.

किलोसाठी त्याला मोलच्या वस्तुमानाने, किलोग्रॅममध्ये, भागा. लोखंडाचं मोल वस्तुमान ०.०५५८४५ किलो. त्यामुळे एक केबी प्रति स्पिन म्हणजे १४८.९ ज्यूल प्रति किलो प्रति केल्विन. ग्रॅम आणि किलोची गफलत इथेच होते. उत्तर ०.१४९ आलं तर ते प्रति ग्रॅमचं आहे.

घनमीटरसाठी एका घनमीटरातल्या स्पिनची संख्या काढा आणि केबीने गुणा. लोखंडाच्या सेलची बाजू २.८६६ अँगस्ट्रॉम आणि घनफळ २३.५४ घन अँगस्ट्रॉम, त्यात दोन स्पिन. म्हणजे घनमीटरात ८.४९६ × १०^२८ स्पिन, आणि एक केबी म्हणजे ११.७३ लाख ज्यूल प्रति घनमीटर प्रति केल्विन.

हाच आकडा दुसऱ्या वाटेनेही काढून बघा. लोखंडाची घनता ७८७४ किलो प्रति घनमीटर. तिला १४८.९ ने गुणलं की ११.७२ लाख. दोन वाटा हजारात एकाच्या आत जुळल्या. एका वाटेत सेलची बाजू वापरली, दुसरीत घनता आणि वस्तुमान. त्या जुळल्या नाहीत तर सेलमधले अणू मोजण्यात चूक आहे असं समजा. ही फेरतपासणी दोन मिनिटांची आहे आणि मी ती प्रत्येक नव्या पदार्थासाठी करतो.

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या आकड्यालाही सरळ वाट होती. १६,००० लोह अणूंचं वस्तुमान १.४८४ × १०^-२१ किलो. २.२१ × १०^-१९ ला त्याने भागलं की १४८.९. तिची एक पायरी राहिली होती, एवढंच.

जुन्या शोधनिबंधांत अर्ग आणि सेंटिमीटर भेटतात. प्रति घनमीटर ज्यूलला १० ने गुणलं की प्रति घन सेंटिमीटर अर्ग मिळतात. कॅलरीसाठी ४.१८४ ने भागा.

लेझरच्या झोताने चुंबकत्व हलवणाऱ्या सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन आणि जालक (अणूंची स्फटिकरचना) यांची दोन तापमानं वेगळी धरतात, आणि तिथे सगळे उष्मे प्रति घनमीटरमध्ये लागतात. कोष्टकातून मिळतात ते मोलमागचे आकडे. लोखंडासाठी इलेक्ट्रॉनच्या उष्म्याचा गुणांक (त्याला तापमानाने गुणलं की उष्मा मिळतो) मोलमागे साधारण ४.९८ मिलिज्यूल प्रति केल्विन वर्ग असतो. लोखंडाच्या एका मोलचं घनफळ ७.०९ × १०^-६ घनमीटर. भागलं की ७०२ ज्यूल प्रति घनमीटर प्रति केल्विन वर्ग. वाट तीच आहे, फक्त सुरुवात मोलपासून.

मोल कशाचा?

लोखंडात सगळेच अणू चुंबकीय, म्हणून हा प्रश्न पडत नाही. संयुगात पडतो, आणि तिथे नीट थांबायला हवं.

यट्रियम आयर्न गार्नेट घ्या, म्हणजे प्रयोगशाळेत ज्याला यिग म्हणतात तो. त्याच्या सूत्रात तीन यट्रियम, पाच लोह आणि बारा ऑक्सिजन, एकूण वीस अणू. चुंबकीय फक्त पाच. घनाकार सेलमध्ये अशी आठ सूत्रं, म्हणजे १६० अणू आणि त्यांत ४० स्पिन. सिम्युलेशनमध्ये आपण बहुधा लोहाचे अणूच ठेवतो. यट्रियम आणि ऑक्सिजन स्पिन देत नाहीत, पण वजन आणि जागा मात्र व्यापतात.

दर स्पिनला एक केबी, म्हणजे लोहाच्या मोलमागे ८.३१ ज्यूल प्रति केल्विन. सूत्राच्या मोलमागे त्याच्या पाचपट, ४१.५७. अणूंच्या मोलमागे त्याचा विसावा हिस्सा, २.०८. तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिघांनाही लोक बिनधास्त 'ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन' लिहितात. प्रयोगाच्या शोधनिबंधाशी तुलना करण्याआधी त्यांचा मोल कोणता ते वाचा, आणि आपल्या अक्षावर 'सूत्राच्या मोलमागे' हे शब्द पूर्ण लिहा.

किलोसाठी सूत्राचं पूर्ण वजन घ्यायचं, लोहाचं एकट्याचं नाही. ०.७३७९ किलो. ४१.५७ ला त्याने भागलं की ५६.३. घनमीटरसाठी सेलची बाजू १२.३७६ अँगस्ट्रॉम, त्यात ४० स्पिन, उत्तर २.९१ लाख. घनता ५१७० ने ५६.३ ला गुणलं तरी २.९१ लाखच. जुळलं.

नॅनोकण किंवा पातळ फिल्म असेल तर घनफळ पदार्थाचं घ्या, सिम्युलेशनच्या पेटीचं नको. कणाभोवतीची मोकळी जागा भागाकारात शिरली की उष्मा निष्कारण उतरतो.

गरम टोकाची साक्ष

थंड टोक एककाची चूक पकडतं, पण एक चूक त्याच्या हातून सुटते. एक्स्चेंजची व्याख्या प्रोग्रॅमागणिक वेगळी असते. कुणी प्रत्येक जोडी एकदा मोजतं, कुणी दोनदा, कुणी समोर अर्धा लावतं. एका शोधनिबंधातला आकडा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तसाच भरला तर एक्स्चेंज दुप्पट किंवा निम्मं होऊ शकतं. थंड टोक तरीही एक केबीच दाखवेल, कारण तो आकडा एक्स्चेंजवर अवलंबूनच नाही.

ही चूक गरम टोकाला दिसते. क्युरी तापमानाच्या बऱ्याच वर उष्मा असा उतरतो:

उष्मा, केबी प्रति स्पिन ≈ (शेजारी ÷ ६) × (एक्स्चेंज ÷ (केबी × ता))^२

लोखंडात एक्स्चेंज ÷ केबी म्हणजे ५१०.६ केल्विन. ३००० केल्विनला सूत्राचं उत्तर ०.०३९. सिम्युलेशन याहून दहा-बारा टक्के जास्त देईल, कारण पुढच्या पदांची भर धन आहे. ०.१६ च्या वर आलं तर एक्स्चेंज दुप्पट झालंय, आणि ०.०१ च्या आसपास आलं तर निम्मं. बीसीसी जालकात शेजाऱ्यांपुरतं एक्स्चेंज धरलं तर क्युरी तापमान ५१०.६ च्या २.०५४ पट यायला हवं, म्हणजे साधारण १०४९ केल्विन. लोखंडाचं मोजलेलं १०४३. शिखर २१०० ला दिसलं तर वेगळं सांगायला नको.

प्रयोगाच्या आकड्याशेजारी ठेवताना

एकक बरोबर आलं, दोन्ही टोकं जुळली, म्हणजे आकडा प्रयोगाशी जुळेलच असं नाही. लोखंडाचा खोलीच्या तापमानाला मोजलेला उष्मा २५.१ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन आहे. त्यात जालकाची थरथर, इलेक्ट्रॉन आणि स्पिन असे तिघे आहेत. डेबाय तापमान (जालकाची थरथर किती तापमानाला पूर्ण जागी होते त्याचं माप) ४७० केल्विन धरलं तर जालकाचा वाटा साधारण २२.१. इलेक्ट्रॉनचा १.५. स्पिनसाठी साधारण दीड उरतो.

आपलं सिम्युलेशन ३०० केल्विनला १.०९ केबी देतं, म्हणजे ९.१. बेरीज ३२.७ होते. रूपांतर चुकलेलं नाही. अभिजात स्पिनला थंडीत गोठणं माहीत नसतं, त्याची ही किंमत आहे.

यावर एक वाट वापरात आहे. प्रयोगाचं तापमान आणि सिम्युलेशनचं तापमान वेगळं धरायचं: सिम्युलेशनचं तापमान ÷ क्युरी तापमान = (प्रयोगाचं तापमान ÷ क्युरी तापमान) याचा एक ठरावीक घात. व्हँपायरच्या गटाने २०१५ मध्ये लोखंडासाठी हा घात २.८७६ दिला, कोबाल्टसाठी २.३६९ आणि निकेलसाठी २.३२२. तो चुंबकनाच्या वक्रावरून बसवलेला आहे, उष्म्यासाठी वापरणं हा अंदाजाचा भाग आहे हे ध्यानात ठेवा.

तो वापरणार असाल तर दोन गोष्टी करा. चढउताराच्या सूत्रात तापमान सिम्युलेशनचंच घाला, कारण स्पिन त्याच तापमानाला थरथरत असतात. आणि आलेल्या उष्म्याला घात × (प्रयोगाचं तापमान ÷ क्युरी तापमान)^(घात − १) याने गुणा, कारण प्रयोगाचं तापमान एक केल्विनने वाढलं की सिम्युलेशनचं तापमान एवढंच वाढतं. हा गुणाकार लोक विसरतात आणि मग पुन्हा ८.३ वरच येऊन थांबतात.

लोखंडासाठी करून बघू. प्रयोगाचं ३०० केल्विन म्हणजे सिम्युलेशनचं २९ केल्विन. तिथे उष्मा १.००७ केबी. गुणक ०.२७८. गुणाकार ०.२८ केबी, म्हणजे २.३ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. २२.१, १.५ आणि २.३ मिळून २५.९, आणि मोजलेले २५.१.

आलेख छापताना अक्षावर एकक लिहाच, पण त्याखाली एका ओळीत हेही लिहा: फक्त स्पिनचा वाटा, अभिजात मॉडेल, मोल कशाचा, न किती, आणि तापमानाचा घात लावला की नाही. त्या विद्यार्थिनीने सुधारलेल्या आलेखात डाव्या टोकाला एक तुटक आडवी रेषा काढली आणि तिच्याशेजारी लिहिलं, 'एक केबी प्रति स्पिन'. आता मी माझ्या आलेखांतही ती रेषा काढतो.